जन्मजात पूर्ण हृदयरोध

जन्मजात पूर्ण हृदयरोध हा हृदयातील विद्युत्-संदेशांच्या वहनाचा एक विरळ विकार आहे. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत उत्पन्न होणारा ठोक्याचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे खालचे कप्पे आपल्या स्वतःच्या आणि पुष्कळच मंद गतीने आकुंचन पावतात. सुमारे १५,००० ते २०,००० जिवंत जन्मांमागे एका बाळात हा विकार आढळतो. तो बहुधा गर्भावस्थेतच निर्माण होतो आणि एकदा पूर्ण रोध झाला की सहसा तो आपोआप किंवा औषधाने नाहीसा होत नाही. अशा मुलांपैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा पेसमेकर बसवावा लागतो. काहींना तो जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच बसवावा लागतो.

मराठी बोलण्यात ‘हार्टमध्ये ब्लॉक आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांतील अडथळा अभिप्रेत असतो. तो प्रौढ वयातील निराळा आजार आहे. प्रस्तुत विकारात रक्तवाहिन्या तुंबलेल्या नसतात. रोध असतो तो विद्युत्-संदेशाच्या मार्गात. पुष्कळ बाळांत हृदयाची रचना व स्नायूंची शक्ती उत्तम असते, उणीव केवळ गतीची असते. म्हणूनच गतीची व्यवस्था वेळेवर झाली आणि ती आयुष्यभर नीट तपासली गेली, तर बाळाचे संगोपन बहुतांशी इतर बाळांप्रमाणेच करता येते.

हृदयाच्या गतीचे नियमन

मानवी हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद व खालच्या दोहोंना निलय म्हणतात. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात एसए नोड नावाचा पेशीसमूह असतो. तो ठरावीक कालांतराने विद्युत्-संदेश निर्माण करतो. त्याला हृदयाचा नैसर्गिक गतिकारक म्हणतात. हा संदेश अलिंदांतून पसरत एव्ही नोड या दुसऱ्या पेशीसमूहाशी येतो, तेथे क्षणमात्र थांबतो आणि मग हिसचा तंतुपुंज व त्याच्या शाखा यांतून दोन्ही निलयांत पोहोचतो. या क्षणमात्र थांबण्यामुळे आधी अलिंदांचे व नंतर निलयांचे आकुंचन होते आणि निलयांना रक्ताने भरण्यास अवधी मिळतो.

एव्ही नोडची हानी झाल्यास अलिंदे व निलये यांचा मेळ तुटतो. निलयांतील पेशींत स्वतः संदेश निर्माण करण्याची थोडी क्षमता असते. तिच्यामुळे हृदय थांबत नाही, पण गती मंदावते. नवजात बाळाचे हृदय एरवी मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा ठोके देते. पूर्ण हृदयरोधात हा आकडा बहुधा ४० ते ८० च्या दरम्यान असतो. प्रौढ माणसाला पुरेशी वाटणारी ही गती तान्ह्या बाळाला पुरत नाही, कारण बाळाचे हृदय प्रत्येक ठोक्यात थोडेच रक्त पुढे ढकलू शकते आणि शरीराची वाढती गरज त्याला मुख्यतः ठोके वाढवूनच भागवावी लागते.

कारणे

या विकाराची दोन प्रमुख कारणे आहेत.

मातेकडून आलेली प्रतिपिंडे : हृदयाची रचना निर्दोष असलेल्या बहुसंख्य बाळांत हे कारण आढळते. काही स्त्रियांच्या रक्तात ‘अँटी-रो’ व ‘अँटी-ला’ नावांची प्रतिपिंडे असतात. ल्युपस व शोग्रेन या स्वयंप्रतिरक्षा रोगांत ती विशेषेकरून आढळतात. मात्र कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांतही ती असू शकतात. अनेक मातांना बाळाचे निदान झाल्यावरच आपल्या रक्तातील या प्रतिपिंडांची माहिती होते. गर्भाला रोगांपासून संरक्षण मिळावे म्हणून मातेची प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जात असतात. त्यांच्यासोबत हीही जातात आणि क्वचित एव्ही नोडला सूज आणतात. सुजेनंतर तेथे तंतुमय वण तयार होतो व मार्ग कायमचा खुंटतो. ही प्रतिपिंडे असलेल्या गरोदर स्त्रियांपैकी साधारण १ ते २ टक्के स्त्रियांच्याच गर्भात हृदयरोध होतो. पूर्वीच्या एका बाळास हा विकार झालेला असल्यास पुढील गरोदरपणात तो पुन्हा होण्याची शक्यता १५ ते २० टक्क्यांपर्यंत वाढते.

हृदयाच्या रचनेतील जन्मजात दोष : काही बाळांत हृदयाच्या जडणघडणीतच दोष असतो. निलये व महारोहिण्या यांच्या जागांची अदलाबदल, दोन्ही अलिंदे डाव्या अलिंदासारखी असणे इत्यादी दोषांत एव्ही नोड आपल्या जागी नसतो किंवा त्याचा पुढील तंतूंशी संबंध जुळलेला नसतो. या बाळांचा आजार अधिक गुंतागुंतीचा असतो. याखेरीज हृदयातील छिद्र बुजविण्याच्या शस्त्रक्रियेत एव्ही नोडजवळील भागास इजा होऊनही हृदयरोध होऊ शकतो. तो जन्मजात नसला, तरी त्याचा उपचार व त्यानंतरचे संगोपन सारखेच आहे.

गरोदरपणातील खाणेपिणे, घरकाम, प्रवास, मानसिक ताण किंवा ग्रहण न पाळणे यांमुळे हा विकार होत नाही. प्रतिपिंडे मातेच्या शरीरातून येत असली, तरी ती निर्माण होणे अथवा वारेतून जाणे तिच्या हाती नसते. कुटुंबात मातेला दोष दिला जाण्याचे प्रसंग येतात. त्यांना वैद्यकीय आधार नाही. उलट, निदानानंतर मातेच्या स्वतःच्या प्रकृतीचीही संधिवात व स्वयंप्रतिरक्षा रोगांच्या तज्ज्ञाकडून तपासणी होणे आवश्यक असते. बाळाच्या धावपळीत ती पुष्कळदा राहून जाते.

गर्भावस्थेतील निदान व उपचार

प्रतिपिंडांमुळे होणारा हृदयरोध बहुधा गर्भाच्या १८ ते २४ आठवड्यांच्या काळात उद्‌भवतो. नेहमीच्या तपासणीत गर्भाचे ठोके मंद आढळले, तर गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. तिला फीटल एको म्हणतात. अलिंदे व निलये निरनिराळ्या गतीने हलताना त्यात दिसतात. प्रतिपिंडे आधीच ठाऊक असतील, तर साधारण सोळाव्या आठवड्यापासून ठरावीक अंतराने फीटल एको केला जातो.

ठोके मिनिटाला ५० ते ५५ च्या खाली जाणे, हृदयाचे आकुंचन दुबळे होणे आणि गर्भाच्या पोटात, छातीत व त्वचेखाली पाणी साठणे ही गंभीर चिन्हे होत. पाणी साठण्याच्या या अवस्थेला हायड्रॉप्स म्हणतात. गर्भावस्था आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने हाच या विकारातील सर्वांत जोखमीचा काळ असतो.

पूर्ण रोध परतवणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही. डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड औषधे काही निवडक प्रसंगी दिली जातात, परंतु त्यांच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. प्रतिबंधाच्या बाबतीत मात्र आशादायक प्रगती झाली आहे. आधीचे बाळ या विकाराचे असलेल्या स्त्रियांना गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्याच्या आत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केल्यास विकाराची पुनरावृत्ती निम्म्याहून कमी होते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणून दुसऱ्या अपत्याचा विचार करतानाच वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते.

निदान झालेल्या गर्भाचा जन्म बालहृदयतज्ज्ञ व बालहृदय-शल्यचिकित्सक उपलब्ध असलेल्या रुग्णालयात व्हावा अशी योजना करतात. मंद ठोके म्हणजे गर्भ गुदमरत असल्याचे लक्षण, असा समज होऊन अकाली सिझेरियन केले जाण्याचा धोका असतो. निदान आधीच कागदावर असल्यास तो टळतो.

जन्मानंतरची लक्षणे

काही बाळे जन्मतः टवटवीत असतात व मंद नाडीखेरीज त्यांत काहीच वावगे दिसत नाही. इतरांत हृदयाची कार्यक्षमता अपुरी पडल्याची लक्षणे दिसतात. दूध पिताना दम लागणे, कपाळावर घाम येणे, दोन-चार घोटांनंतर थांबणे, वजन न वाढणे, अंग फिकट वा गार लागणे, बाळ निस्तेज व अतिशय झोपाळू असणे ही त्यांपैकी प्रमुख होत. मोठ्या मुलांत लवकर थकवा येणे, व्यायाम न झेपणे किंवा एकाएकी भोवळ येऊन पडणे अशी लक्षणे आढळतात. निदान ईसीजीवरून निश्चित होते.

मातेच्या प्रतिपिंडांमुळे काही बाळांच्या चेहऱ्यावर व डोळ्यांभोवती लालसर चट्टे उठतात. ही प्रतिपिंडे बाळाच्या रक्तातून साधारण सहा ते आठ महिन्यांत नाहीशी होतात आणि चट्टेही मावळतात. हृदयरोध मात्र राहतो.

पेसमेकरचा निर्णय

पेसमेकर हे हृदयाला ठरावीक गतीने सौम्य विद्युत्-संदेश देणारे उपकरण आहे. त्याचे दोन भाग असतात : बॅटरी व विद्युत्-मंडल असलेली धातूची बंद डबी आणि तिच्यापासून हृदयाच्या स्नायूपर्यंत जाणारी विलगित तार. उपकरण हृदयाचा स्वतःचा ठोका ओळखते आणि तो वेळेवर न आल्यासच संदेश देते.

लक्षणे असलेल्या बाळास पेसमेकर बसवितात. लक्षणे नसली तरी निलयांची गती मिनिटाला ५० ते ५५ हून कमी असणे, रचनेचाही दोष असताना ती ७० हून कमी असणे, हृदयाची पंपशक्ती घटणे किंवा ईसीजीमध्ये निलयांचा ठोका बेभरवशाचा दिसणे, ही कारणे पुरेशी मानली जातात. यांपैकी काही नसल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलून बाळाला वाढू दिले जाते. या काळात नियमित तपासणी चालू ठेवतात. अगदी अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांत आधी औषधाने किंवा तात्पुरत्या तारांनी गती राखून वजन वाढेपर्यंत थांबावे लागते.

तान्ह्या बाळावरील शस्त्रक्रिया

प्रौढांत पेसमेकरची तार खांद्याजवळच्या शिरेतून हृदयात सोडतात व डबी गळ्याच्या हाडाखाली ठेवतात. तान्ह्या बाळाच्या शिरा फार अरुंद असतात. तारेमुळे त्या बुजण्याचा संभव असतो व पुढील आयुष्यात लागणारा मार्ग बंद होतो. म्हणून बाळांत छातीला किंवा छातीच्या खालच्या टोकाशी छेद घेऊन तार हृदयाच्या बाह्य पृष्ठभागावर टाके घालून बसवितात. डबी पोटाच्या स्नायूच्या थराखाली ठेवली जाते. उंची वाढताना तार ताणली जाऊ नये म्हणून तिचा काही भाग वेटोळे करून सैल ठेवतात. केवळ बालकांसाठी बनविलेले पेसमेकर सर्वसाधारण वापरात नसल्यामुळे प्रौढांच्या उपकरणांपैकी लहान आकाराचे निवडले जाते.

तार हृदयावर कोठे बसते यालाही महत्त्व आहे. दीर्घकाळ उजव्या निलयाकडून संदेश दिल्यास काही मुलांत हृदयाच्या दोन्ही बाजूंचा मेळ बिघडून पंपशक्ती कमी होते. डाव्या निलयाच्या टोकाशी तार बसविल्यास हा धोका कमी राहतो, असे मुलांच्या अभ्यासांतून दिसले आहे. मूल मोठे झाल्यावर तार शिरेतून बसविण्याचा विचार होतो. किती वजनानंतर ते करावे, याबाबत केंद्राकेंद्रांत फरक आढळतो.

संगोपन

पहिले आठवडे : जखम भरेपर्यंत ती कोरडी ठेवतात व बाळाला ओल्या फडक्याने पुसून काढतात. छातीच्या मधल्या हाडास छेद घेतला असल्यास सुमारे सहा आठवडे बाळाला काखांत धरून अथवा हातांनी ओढून उचलू नये. एक हात मानेखाली व दुसरा कुल्ल्यांखाली घालून उचलावे. बाळाला उताणेच झोपवावे. जखम भरून आल्यावर पालथे पडणे, रांगणे, पोटावर सरकणे यांना आडकाठी नसते. डबी त्यासाठी पुरेशी पक्की बसविलेली असते.

तेल लावणे व न्हाऊ घालणे : महाराष्ट्रात बाळाला तेल चोळून न्हाऊ घालण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. जखम पूर्ण भरल्यावर व शल्यचिकित्सकाने अनुमती दिल्यावर हलक्या हाताने तेल लावता येते. मात्र डबीवर दाब देणे, पोट चोळणे, बाळाचे हात-पाय आडवे-उभे ताणणे टाळावे. घरी येऊन बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना उपकरणाची जागा प्रत्यक्ष दाखवून ठेवणे श्रेयस्कर. कमरेचा करगोटा, घट्ट लंगोट किंवा विजारीची इलॅस्टिक पट्टी डबीवर वा व्रणावर घासत असल्यास काढून टाकावी. त्वचेखालील डबीचा उंचवटा दिसणे स्वाभाविक आहे. त्यावरील त्वचा लाल, गरम, ओली किंवा पातळ झालेली दिसणे स्वाभाविक नाही.

आहार : अंगावरचे दूध या बाळांना इतर बाळांइतकेच हितकारक असते. गती सुधारल्यावर दूध पिण्याची ताकद बहुधा लवकरच वाढते. अशक्त बाळाला थोडे थोडे व वारंवार पाजतात. वजनाची नोंद नियमित ठेवणे महत्त्वाचे, कारण वजन खुंटणे ही हृदयाच्या अडचणीची पहिली सूचना असू शकते.

लसीकरण : पेसमेकर हे लस न देण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेत रक्त किंवा रक्तघटक दिले असल्यास गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसीची तारीख पुढे न्यावी लागते; ती डॉक्टरांकडून ठरवून घेतात.

नाडी मोजणे : घरातील निदान दोघांना बाळाची नाडी मोजता यावी. तान्ह्या बाळात दंडाच्या आतील बाजूस बोटांची टोके ठेवून ती लागते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजतात. पेसमेकरमध्ये किमान गतीचा आकडा ठरवून दिलेला असतो. नवजात बाळात तो पुष्कळदा १०० च्या वर असतो व वयाबरोबर उतरविला जातो. नाडी या आकड्याहून स्पष्टपणे कमी लागत असेल, तर उपकरणात वा तारेत बिघाड असण्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा. ठरविलेला आकडा प्रत्येक तपासणीनंतर ओळखपत्राजवळ लिहून ठेवण्याची पद्धत उपयुक्त आहे.

तातडीची लक्षणे : भोवळ किंवा शुद्ध हरपणे, ओठ निळसर होणे, दूध तोडणे, श्वास जलद होणे, अंग व डोळ्यांभोवती सूज, अकारण ताप, डबीजवळ लाली वा स्राव, सतत न थांबणारी उचकी, तसेच छाती-पोटावर जोराचा मार बसणे या प्रसंगी विलंब करू नये. उचकीचा संबंध असा की, तारेतील संदेश कधी कधी श्वासपटलाला उद्दीपित करतो.

घरातील उपकरणे व चुंबक

पेसमेकरवर तीव्र चुंबक ठेवल्यास तो हृदयाचा स्वतःचा ठोका पाहणे तात्पुरते थांबवितो आणि ठरीव गतीने संदेश देत राहतो. चुंबक दूर करताच काम पूर्ववत होते. तरीही चुंबकीय खेळणी, हेडफोन, ध्वनिवर्धक असलेली खेळणी बाळाच्या पोटावर ठेवू नयेत. मोबाइल उपकरणापासून १५ सेंटिमीटरहून दूर असावा. अंगाई ऐकविण्यासाठी मोबाइल बाळाच्या कुशीत ठेवण्याची सवय म्हणूनच टाळावी. इंडक्शन शेगडीपासून सुमारे ६० सेंटिमीटर अंतर राखतात. बाळाला कडेवर घेऊन तिच्यापाशी स्वयंपाक करू नये. दूरचित्रवाणी, मायक्रोवेव्ह, मिक्सर, पंखा यांच्या नेहमीच्या वापराने अपाय होत नाही.

घरातील गीझर, कूलर, कपडे धुण्याचे यंत्र यांची अर्थिंग जोडणी तपासून घ्यावी. सदोष जोडणीतून शरीरात शिरणारा सौम्य प्रवाह हृदयाचा ठोका समजून पेसमेकर थांबून राहण्याचा संभव असतो.

क्ष-किरण तपासणी, सोनोग्राफी व सीटी स्कॅन सामान्यतः करता येतात. एमआरआयपूर्वी मात्र हृदयतज्ज्ञांची संमती आवश्यक असते. हृदयाच्या बाहेरून बसविलेल्या तारा बहुधा एमआरआयसाठी प्रमाणित नसतात. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी पेसमेकरची कल्पना द्यावी, कारण रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युत्-उपकरणाचा त्यावर परिणाम होतो. विमानतळावरील तपासणीत ओळखपत्र दाखवितात. दातांची निगा सर्व मुलांप्रमाणेच ठेवावी. केवळ पेसमेकर आहे म्हणून दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक घेण्याची गरज नसते, परंतु रचनेचा दोष असल्यास डॉक्टरांना विचारावे.

नियमित तपासणी

शस्त्रक्रियेने हृदयरोध बरा होत नाही. त्याचा परिणाम दूर राखला जातो. म्हणून तपासणी आयुष्यभर चालते. पहिल्या वर्षी ती अधिक वेळा व पुढे साधारणतः दर सहा महिन्यांनी करतात. त्वचेवर केवळ एक यंत्र ठेवून बॅटरीतील उरलेली शक्ती, तारेची स्थिती व ठोक्यांची नोंद वाचली जाते. बाळाला त्यात वेदना होत नाही. वेळोवेळी ईसीजी, एको व क्ष-किरण चित्र काढतात. क्ष-किरण चित्रावरून तार ताणली गेली आहे का, तुटली आहे का, हे समजते. तारेचे वेटोळे हृदयाभोवती आवळले जाण्याची अतिशय विरळ पण धोकादायक गुंतागुंतही त्यावरून लक्षात येऊ शकते.

बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे टिकते. बाळांत ठोक्यांची गती अधिक असल्याने ती लवकर खर्ची पडू शकते. बॅटरी एकाएकी बंद पडत नाही. ती संपत आल्याची खूण उपकरण काही महिने आधी दाखविते. ही खूण तपासणीतच कळते. मूल हसते-खेळते आहे, तेव्हा जाण्याची गरज काय, या समजाने तपासणी चुकविणे म्हणूनच धोक्याचे आहे. बॅटरी बदलण्याच्या वेळी पुष्कळदा केवळ डबी बदलावी लागते. तार चांगली असल्यास तीच जोडतात.

शाळा, खेळ व पुढील आयुष्य

बुद्धीच्या वाढीत पेसमेकर आड येत नाही. शाळेत प्रवेश घेताना वर्गशिक्षकांना उपकरणाची जागा, ठरविलेली गती, तातडीची लक्षणे व पालकांचा दूरध्वनी क्रमांक लेखी द्यावा. शिक्षकांनी मुलाला खेळाच्या तासाला कायम बाजूला बसवू नये. धावणे, सायकल, लेझीम, पोहणे यांस बहुधा अनुमती असते. कबड्डी, कुस्ती, कराटे, दहीहंडीचे थर यांत डबीवर वा तारेवर आघात होण्याचा संभव असल्याने ते वर्ज्य मानतात. तार पूर्णतः पेसमेकरवर अवलंबून असलेल्या हृदयाला जोडलेली असेल, तर हे पथ्य अधिक कटाक्षाने पाळावे.

मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत उपकरणाविषयी सांगणे हिताचे असते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आपली नाडी मोजता येते व ओळखपत्र कशासाठी आहे हे कळते. पौगंडावस्थेनंतर तपासणीची जबाबदारी क्रमाने पालकांकडून मुलाकडे जावी लागते.

रचनेचा दोष नसलेल्या व पहिले वर्ष सुखरूप पार केलेल्या मुलांचे भवितव्य सामान्यतः चांगले असते. काही मुलांत हृदयाचा स्नायू कालांतराने दुबळा होतो. म्हणून पंपशक्तीवर लक्ष ठेवतात. शिक्षण, नोकरी, विवाह यांत अडचण नसते. अशा अनेक स्त्रियांचे गरोदरपण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुखरूप पार पडते.

इतिहास

हृदयाच्या वहनमार्गाचे ज्ञान विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाले. विल्हेल्म हिस याने १८९३ मध्ये त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंतुपुंजाचे, सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये एव्ही नोडचे आणि आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये एसए नोडचे वर्णन केले. उरुग्वेचे बालरोगतज्ज्ञ लुईस मोर्किओ यांनी १९०१ मध्ये एकाच कुटुंबातील मुलांत आढळलेल्या मंद नाडीच्या विकाराची नोंद केली होती.

कृत्रिम गतिकारकाच्या इतिहासाचा आरंभ एका बाळापासून होतो. ऑस्ट्रेलियातील मार्क लिडविल यांनी १९२८ मध्ये सिडनी येथील रुग्णालयात मृतवत् जन्मलेल्या अर्भकाचे हृदय विद्युत्-उपकरणाच्या साहाय्याने चालते केले. १९५२ मध्ये अमेरिकेतील पॉल झोल यांनी छातीवरून धक्के देणारे उपकरण वापरले, परंतु ते वेदनादायक होते. मिनेसोटा विद्यापीठात सी. वॉल्टन लिलेहाय हे मुलांच्या हृदयातील जन्मजात दोषांवर शस्त्रक्रिया करीत. त्यानंतर काही मुलांत हृदयरोध होई. त्यांच्या हृदयाला तारेने जोडलेली यंत्रे घरगुती वीजपुरवठ्यावर चालत. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनीयापोलिसमध्ये वीज गेल्यानंतर लिलेहाय यांनी अभियंता अर्ल बाकेन यांना बॅटरीवर चालणारे यंत्र बनविण्यास सांगितले. बाकेन यांनी संगीतातील ताल मोजणाऱ्या यंत्राच्या विद्युत्-मंडलाचा आधार घेऊन अंगावर वागविता येईल एवढा छोटा पेसमेकर काही आठवड्यांत तयार केला व तो लागलीच एका मुलासाठी वापरला गेला.

शरीरात बसविण्याजोगा पहिला पेसमेकर स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केला आणि शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी ८ ऑक्टोबर १९५८ रोजी आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसविला. तो काही तासच चालला. लार्सन पुढे २६ पेसमेकरांच्या आधारे ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७० च्या दशकात लिथियम-आयोडीन बॅटरी आल्यावर उपकरणे लहान व टिकाऊ झाली आणि तान्ह्या बाळांत त्यांचा वापर अधिक सुकर झाला.

भारतातील व्यवस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्याखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोषांसाठी तपासणी होते. त्यांत जन्मजात हृदयविकारांचा समावेश आहे. फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शासकीय शाळांना एकदा भेट देतात आणि आवश्यक त्या मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवितात. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली हृदयावरील शस्त्रक्रिया व पेसमेकर यांचा समावेश आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे हे २०१७ पासूनचे नाव होय. संलग्न रुग्णालयांतील आरोग्यमित्र कागदपत्रांविषयी मार्गदर्शन करतात.

बालहृदय-शस्त्रक्रियेची केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्यामुळे ग्रामीण भागातील कुटुंबांना नियमित तपासणी हीच खरी अडचण ठरते. अशा कुटुंबांनी पेसमेकरचे ओळखपत्र, उपकरणाचा प्रकार, ठरविलेली गती व शेवटच्या तपासणीचा अहवाल यांच्या प्रती घरी ठेवाव्यात आणि एक संच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे द्यावा. तातडीच्या वेळी बाळाला प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती हाताशी असली, तर मोठ्या केंद्रापर्यंत पोहोचेतो योग्य उपचार सुरू करता येतात.